हा तबलजी ठेका कधी देणार?

मागच्या भागात रेडिओहेडवर बोलताना मी फिल सेल्वेला ‘तो शांत ड्रमर’ म्हणून दोन वाक्यांत उरकून टाकलं होतं. ते चुकलं. का चुकलं, ते इथे हूफडॉर्पमध्येच कळलं, म्हणून हे टिपण.

आमच्याकडे चार-पाच मराठी घरांतली रेडिओहेडवेडी मंडळी महिन्यातून एखाद्या शनिवारी जमतात. कुणाच्या तरी टीव्हीवर जुने व्हिडिओ, मैफलींची चित्रणं, साबुदाण्याची खिचडी आणि वाद. मे २०१६ मध्ये बँडने आपल्या दौऱ्याची सुरुवात अ‍ॅमस्टरडॅमच्या हायनेकन म्युझिक हॉलमध्ये केली, तेव्हा आमच्यातले दोघं तिथे होते आणि ते अजून कुणाला विसरू देत नाहीत. या वेळी एका मैत्रिणीचे वडील मिरजेहून तीन महिन्यांसाठी आले होते. तरुणपणी तबला शिकलेले. काकांना रॉकचं वावडं नाही, पण फार प्रेमही नाही.

आम्ही ‘पिरॅमिड साँग’ लावलं. २००१ चं गाणं. सुरुवातीला नुसता पियानो, त्यावर थॉम यॉर्कचा आवाज. काका मांडीवर बोटांनी मोजायला लागले, दोन आवर्तनांत अडखळले आणि म्हणाले, “अहो, हा तबलजी ठेका कधी देणार?” साधारण दोन मिनिटांनी ड्रम आले. काका नुसतं “हां” म्हणाले आणि सोळा मात्रा मोजून दाखवल्या: तीन, तीन, चार, तीन, तीन. म्हणजे मात्रा आपल्या तीनतालाइतक्याच, पण चार-चारच्या खंडांत न बसणाऱ्या.

या गाण्याचा ताल नेमका कोणता, यावर चाहते वीसेक वर्षं भांडतायत. आलेख काढतात, गती कमी करून ऐकतात. त्या सगळ्या भांडणात एक गोष्ट मागे राहते. हे कोडं टिकलंय, कारण एक माणूस दोन मिनिटं हात आवरून बसलाय. पहिल्या आवर्तनापासून त्याने झुलता ठेका धरला असता, तर कोडं उरलंच नसतं. एक छान, उदास गाणं मिळालं असतं, बस्स. सेल्वे इथे ‘शांत’ नाही, तो ठेका राखून ठेवतोय. हा स्वभाव नाही, सांगीतिक निर्णय आहे.

चाहत्यांना हे दिसत नाही, यात व्हिडिओंचाही हात आहे. ग्रँट जीने केलेल्या ‘नो सर्प्रायझेस’मध्ये पाण्याने भरत जाणाऱ्या शिरस्त्राणातला यॉर्कचा चेहरा, बाकी काही नाही. ‘कर्मा पोलीस’मध्ये तो गाडीच्या मागच्या सीटवर. ‘लोटस फ्लॉवर’मध्ये टोपी घालून एकटा नाचतोय. ‘हाउस ऑफ कार्ड्स’मध्ये तर कॅमेराच नाही, लेझरने मोजलेल्या ठिपक्यांचा चेहरा आहे. ड्रमर बघायचा तर मैफलींकडे जावं लागतं. ऑगस्ट २००९ मध्ये प्रागला सुमारे पन्नास चाहत्यांनी छोट्या कॅमेऱ्यांनी मैफल टिपली, बँडने त्यांना आपल्याकडचा मूळ आवाज दिला आणि पुढच्या वर्षी ते चित्रण सगळ्यांसाठी फुकट आलं. मला ते फार आवडतं. पण गर्दीतून हात उंच करून धरलेला कॅमेरा शेवटी गायकाकडेच वळतो. मागे बसलेला माणूस तुकड्यातुकड्यांनी दिसतो.

आता ‘व्हिडिओटेप’. ‘इन रेनबोज’ या २००७ च्या अल्बममधलं शेवटचं गाणं, आणि आमच्या शनिवारांचं कायमचं भांडण. पियानोचे स्वर आपल्याला ठोक्यावर पडतायत असं वाटतं. काही चाहत्यांचं म्हणणं असं, की ते खऱ्या ठोक्याच्या अर्धी मात्रा आधी पडतायत आणि खरा ठोका गाण्यात ऐकूच येत नाही. पुरावा म्हणून यॉर्कच्या मानेची हालचाल दाखवणारे व्हिडिओ फिरत असतात. मला हा सिद्धांत पटतो, पण त्यावरचा जल्लोष पटत नाही. काकांना समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, “समेच्या आधी येणं म्हणजे आमचं अनागत झालं. पण अनागताची गंमत कळायला सम कुठे आहे ते आधी ऐकणाऱ्याला ठाऊक पाहिजे ना.” बरोबर! २००६ च्या मैफलींत, उदाहरणार्थ बोनारूच्या चित्रणात, हेच गाणं भरदार ड्रम घेऊन चढत जातं. अल्बमवर ते सगळं काढून टाकलंय. उरलाय एक तुटक, अडखळता ठेका, जो सम दाखवत नाही. म्हणजे गायकाची मान बघून चाहते जे शोधतायत, ते ड्रमरने काढून घेतलेलं आहे. माझं मत विचाराल तर अल्बमवरचं रूपच श्रेष्ठ. आमच्यातले दोघं बोनारूवाले आहेत, त्यांनी हे वाचू नये.

‘शांत’ हे विशेषण अगदीच खोटं आहे असं नाही. सेल्वेने अनेक वर्षं ब्रिटनमधल्या समॅरिटन्स या संस्थेत स्वयंसेवक म्हणून काम केलं. खचलेल्या माणसांचे फोन घ्यायचे आणि ऐकायचं. चाहत्यांना ही गोष्ट फार प्रिय आहे, मलाही आहे. पण तिच्यामुळे आपण वादन सोडून माणसाचं कौतुक करत बसतो. त्यापेक्षा २०२३ चा त्याचा स्वतःचा अल्बम ‘स्ट्रेंज डान्स’ घ्या. त्यात त्याने ड्रम वाजवलेच नाहीत, व्हॅलेंटिना मागालेत्तीला दिले. स्वतःच्या नावाच्या अल्बमवर ड्रमरने काठ्या दुसऱ्याच्या हातात द्यायच्या, याला कान लागतो.

उलट उदाहरणही देतो. २०११ चा ‘द किंग ऑफ लिंब्ज’ हा अल्बम मला कोरडा वाटतो, तालाचे तुकडे कापून जोडल्यासारखा. तीच गाणी नायजेल गॉडरिचच्या ‘फ्रॉम द बेसमेंट’ मालिकेत बघा. तिथे सेल्वेच्या जोडीला क्लाइव्ह डीमर हा दुसरा ड्रमर आहे, कॅमेरा हातांवर थांबतो, आणि अल्बमवर यांत्रिक वाटलेला ताल दोघांत वाटून घेतलेला दिसतो. काका खुर्चीत पुढे सरकून बसले, ते इथेच.

मग त्यांनी विचारलं, “ह्यांचे ड्रम लावतं कोण? आपापले लावतात?”

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मैत्रिणीने सांगितलं. १६ जून २०१२ रोजी टोरांटोत मैफल सुरू होण्याआधी मंचावरचं छत कोसळलं आणि बँडचा ड्रम तंत्रज्ञ स्कॉट जॉन्सन गेला. ३३ वर्षांचा होता. सेल्वेचे ड्रम त्याच्या हाताखाली असायचे. १९ जुलै २०१८ रोजी बँड पुन्हा टोरांटोत वाजवायला गेला, तेव्हा यॉर्क मंचावरून म्हणाला की ज्यांनी जबाबदारी घ्यायला हवी, ते अजून मोकळे आहेत. आणि मग सगळ्यांनी मिनिटभर शांतता पाळली.

काका म्हणाले, “वाद्य लावणारा माणूस घरचाच असतो.” मग म्हणाले, ते पहिलं परत लावा.

‘पिरॅमिड साँग’ पुन्हा लावलं. या वेळी काकांनी ड्रमची वाट न बघता पहिल्या स्वरापासून मोजायला सुरुवात केली. तिसऱ्या आवर्तनात चुकले, हसले, आणि सेल्वे येईपर्यंत बोटं तशीच मांडीवर ठेवून थांबले.