संप नक्की कधी संपला? बोईंग १९४८ आणि शेवटच्या तारखेचा प्रश्न

सिनॉप्सिसमध्ये सगळ्यात कमी विचार करून आपण कुठली ओळ लिहितो? कालखंडाची. "१९४५ ते १९५०" असं टाकायचं आणि पुढे जायचं. गाईडसुद्धा तिथे फारसे अडवत नाहीत. पण या ओळीत तुमचा अर्धा निष्कर्ष आधीच लिहून झालेला असतो. कसा, ते एका संपाच्या उदाहरणाने बघू.

२२ एप्रिल १९४८ रोजी अमेरिकेतल्या सिएटलमध्ये बोईंगच्या विमान कारखान्यातले सुमारे १५ हजार कामगार संपावर गेले. त्यांची युनियन म्हणजे इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ मशिनिस्ट्सची डिस्ट्रिक्ट लॉज ७५१. भांडणाचे मुख्य मुद्दे दोन: पगारवाढ आणि सिनिऑरिटी.

पगारवाढीचं लगेच समजतं. सिनिऑरिटीपाशी जरा थांबा. युद्धात बोईंगने बी-२९ बॉम्बर बनवली. १९४५ मध्ये युद्ध संपलं, लष्कराच्या ऑर्डरी रद्द झाल्या आणि हजारो कामगार घरी बसले. विमानाचा धंदा असाच चालतो: ऑर्डर आली की भरती, गेली की कपात. अशा ठिकाणी "कपात झाली तर आधी कोण जाणार?" हा प्रश्न पगाराइतकाच पोटाचा असतो. कोणाला ठेवायचं ते कंपनीला आपल्या हातात हवं होतं. कामगारांना नोकरीची वर्षं मोजणारा नियम हवा होता.

आता शेवटाकडे या. या संपाला चार शेवट आहेत.

पहिला, सप्टेंबर १९४८. सुमारे पाच महिन्यांनी कामगार नवीन कराराशिवाय कामावर परतले. इथे थांबलात तर संप हरला.

दुसरा, नोव्हेंबर १९४८. राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने निकाल दिला की कंपनीने युनियनशी वाटाघाटी करायला हव्यात. इथे थांबलात तर युनियन जिंकली.

तिसरा, मे १९४९. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. संप बेकायदा ठरला आणि कंपनीवर वाटाघाटींचं बंधन राहिलं नाही. पुन्हा हार.

चौथा, नोव्हेंबर १९४९. संप चालू असतानाच टीमस्टर्स युनियनचे सिएटलमधले वजनदार नेते डेव्ह बेक यांनी बोईंगच्या कामगारांसाठी वेगळी युनियन उभी केली होती. कामगारांचं प्रतिनिधित्व कोणी करायचं, यावर गुप्त मतदान झालं आणि मशिनिस्ट युनियनला टीमस्टर्सच्या जवळपास दुप्पट मतं पडली. पुन्हा जीत.

हार, जीत, हार, जीत. घटना त्याच, फक्त पुस्तक कुठे मिटलं एवढाच फरक. म्हणून "संप अपयशी ठरला" किंवा "कामगार शेवटी जिंकले" असं वाक्य दिसलं की आधी बघा, लेखकाने कुठली तारीख निवडलीय आणि ती का निवडली हे कुठे सांगितलंय का. बऱ्याचदा सांगितलेलं नसतं. माझी मुख्य तक्रार तीच आहे.

दुसरी तक्रार साधनांच्या वाचनाबद्दल. न्यायालयाचा निकाल हातात आला की आपल्याला वाटतं, चला, पक्का पुरावा मिळाला. पण निकाल फक्त त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्यानुसार करार बदलायचा किंवा संपवायचा असेल तर ६० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आणि त्या मुदतीत संप केला तर कामगाराचं कायदेशीर संरक्षण जातं. न्यायालयापुढे मुद्दा हा होता. सिनिऑरिटीची मागणी रास्त होती का, हा नव्हता. "न्यायालयाने संप चुकीचा ठरवला" असं तुम्ही लिहिलंत, तर निकालात नसलेली गोष्ट त्याच्या तोंडी घातलीत.

मतदानाचंही तेच. मतपत्रिकेवर "संप बरोबर होता का?" असा प्रश्न नव्हता. प्रतिनिधी कोण, एवढाच होता. मत देणाऱ्यांपैकी किती जण संपात उभे होते आणि किती जण नंतर भरती झाले, हे वेगळं शोधावं लागतं. ते न शोधता दुप्पट मतांना संपाची पावती म्हणणं म्हणजे आकड्याला त्याच्या ताकदीपेक्षा जास्त ओझं उचलायला लावणं.

आणि "कामगार जिंकले" म्हणताना कामगार म्हणजे कोण? मशिनिस्ट युनियनच्या प्रवेशविधीत सभासदत्व गोऱ्यांपुरतं ठेवणारी अट होती. ती निघाली १९४८ मध्ये, म्हणजे संपाच्याच वर्षी. फक्त चार निकालांची गोष्ट सांगत बसलात, तर ही बाजू दिसणारच नाही, कारण ती त्यातल्या एकाही तारखेत बसत नाही.

मग करायचं काय? आधी प्रश्न ठरवा, तारीख नंतर. नवीन कायद्याने संपाचा हक्क कसा आवळला, हा प्रश्न असेल तर मे १९४९ पर्यंत जा. दोन युनियनमधली चढाओढ असेल तर नोव्हेंबर १९४९. आणि सिनिऑरिटी हा विषय असेल तर यातली एकही तारीख पुरणार नाही. संपाआधीचे आणि नंतरचे करार शेजारी ठेवून कलमं वाचावी लागतील. काम कंटाळवाणं आहे, मान्य. पण ज्यासाठी माणसं पाच महिने बिनपगारी राहिली, त्याचं पुढे काय झालं हे तिथेच कळतं.

आपल्याकडचा १९८२ चा गिरणी संप तर औपचारिकपणे मागे घेतलाच गेला नाही. त्याची शेवटची तारीख तुम्ही कुठली धराल? उत्तर काहीही असो, सिनॉप्सिसमध्ये कालखंडाच्या ओळीखाली एक वाक्य घाला: "इथे थांबते, कारण…". ते वाक्य पूर्ण होत नसेल, तर समजा की तुमचा प्रश्नच अजून ठरलेला नाही.