गुंजेचे प्रामाण्य : एक चिकित्सा

गुंजेविषयी लिहिणारे बहुतेक लेखक एका ठरावीक विधानाने आरंभ करतात. निसर्गाने या वेलीचा प्रत्येक दाणा सारख्याच वजनाचा घडविला आणि म्हणूनच सोनाराने तो पारड्यात घातला, असे ते विधान होय. ते इतके सुटसुटीत आहे की त्याची परीक्षा करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. परंतु प्राचीन मानपद्धतीचा, नाण्यांचा अथवा वनौषधींचा अभ्यास करणाऱ्यास ही परीक्षा टाळता येणार नाही. कारण या एका गृहीतावर पुढील अनेक अनुमाने उभी राहतात आणि त्यांतील काही अनुमाने प्रत्यक्ष घातकही ठरतात.

गुंज ही शिंबावंत कुलातील वेल आहे. अॅब्रस प्रिकॅटोरियस हे तिचे शास्त्रीय नाव. त्यातील दुसरे पद तिच्या दाण्यांपासून होणाऱ्या जपमाळांवरून आले आहे. उष्ण प्रदेशातील कुंपणांवर आणि झुडपांवर ती चढते. तिची पाने चिंचेच्या पानांसारखी अनेक लहान दलांची असतात. शेंग वाळून उकलली म्हणजे आतील लालभडक, एका टोकास काळा ठिपका असलेले दाणे दिसू लागतात. या ठिपक्यामुळेच तिला संस्कृतात ‘कृष्णला’ आणि लाल रंगामुळे ‘रक्तिका’ असे म्हटले गेले. हिंदीतील ‘रत्ती’ हा शब्द याच दुसऱ्या नावाशी जोडला जातो. दाण्याचे कवच कठीण आणि सहसा पाणी आत न घेणारे असते. चकाकी, टिकाऊपणा आणि सहज ओळखू येणारे रूप हे गुण तिच्या ठिकाणी निश्चित आहेत. समवजनता हा गुण मात्र या यादीत आपोआप येत नाही.

प्रथम ग्रंथांची साक्ष पाहावी. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तीन यवांचा एक कृष्णल, पाच कृष्णलांचा एक माष आणि सोळा माषांचा एक सुवर्ण अशी मालिका दिली आहे. इ. स. ११५० च्या सुमाराच्या लीलावतीत भास्कराचार्य दोनच यवांची एक गुंजा मानतात; मात्र पाच गुंजांचा माष आणि सोळा माषांचा कर्ष हे प्रमाण तेथेही कायम आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात दहा धान्यमाष अथवा पाच गुंजा म्हणजे एक सुवर्णमाषक, असे सांगितले आहे. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, गुंजेच्या वरची पायरी तिन्ही ग्रंथांत एकच आहे. मतभेद आहे तो गुंजेच्या खालच्या पायरीविषयी. दाण्याची दाण्याशी तुलना करण्याची वेळ आली की ग्रंथकारांचे एकमत सुटते आणि संख्येचा संख्येशी संबंध सांगावयाचा असला की ते टिकते. गुंजा हे मुख्यत्वे गणनेतील एकक होते, असे अनुमान यावरून निघते. मनूने यवास ‘मध्य’ असे विशेषण लावले आहे, तेही दुर्लक्षिण्यासारखे नाही. धान्याचे दाणे लहानमोठे असतात आणि मानासाठी मधला निवडावा लागतो, याची जाणीव त्या एका शब्दात आहे.

याहून निर्णायक साक्ष अर्थशास्त्राच्या त्याच प्रकरणात मिळते. वजने लोखंडाची किंवा मगध व मेकल येथील दगडाची असावीत, अथवा पाण्याने वा लेपाने वाढणार नाहीत आणि उष्णतेने घटणार नाहीत अशा द्रव्याची असावीत, असा तेथे दंडक आहे. गुंजेचे नाव एककास देणारा ग्रंथच वजन मात्र लोखंडाचे आणि दगडाचे मागतो. बीज हेच प्रमाण असते, तर या दंडकाची आवश्यकता पडली नसती.

याचा अर्थ गुंज पारड्यात कधी पडलीच नाही, असा नव्हे. अग्नीत तापण्याचे किंवा हातोड्याखाली ठोकले जाण्याचे दुःख सोन्यास नाही, गुंजेबरोबर तोलले जाण्याचे दुःख आहे, ही कल्पना संस्कृत सुभाषितांत आढळते. ती प्रत्यक्ष व्यवहार डोळ्यांसमोर असल्यावाचून सुचणारी नाही. प्रश्न आहे तो या व्यवहाराची अचूकता कोठून आली, हा. भूमध्यसागरी प्रदेशातील कॅरोब या शेंगवृक्षाच्या बियांविषयी अशीच आख्यायिका आहे. ‘कॅरट’ हा शब्द तिच्याशी जोडला जातो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, कॅरोबच्या बियांचे वजन इतर वनस्पतींच्या बियांइतकेच बदलते. परंतु माणसाची नजर सुमारे पाच टक्क्यांपर्यंतचा फरक हेरू शकते आणि विषम दाणे बाजूला काढू शकते. म्हणजे सारखेपणाचे श्रेय झाडापेक्षा निवडणाऱ्यास अधिक द्यावे लागते. गुंजेबाबतही हाच विचार लागू करून पाहणे युक्त आहे.

दुसरे साधन म्हणजे संख्या. एका दाण्याचे सरासरीपासूनचे विचलन वीस टक्के आहे, असे केवळ उदाहरणादाखल धरले, तर ९६ दाण्यांच्या सरासरीतील प्रमाणत्रुटी सुमारे दोन टक्क्यांवर येते. तोळाभर सोने घेणाऱ्याच्या बाबतीत दाण्यांची विषमता अशा रीतीने बव्हंशी परस्पर फिटते. गुंजभर सोने घेणाऱ्याच्या वाट्यास मात्र ती सगळी येते. मुद्रांकित वजनांचा आग्रह शासनाने का धरावा, याचे एक कारण येथे दिसते. दाण्याच्या लहरीचा फटका सर्वांत अधिक बसतो तो सर्वांत लहान गिऱ्हाइकास.

नाणकशास्त्रात या भ्रमाचा परिणाम अधिक दूरवर जातो. पुष्कळ दाणे तोलून त्यांची सरासरी काढावी आणि तीवरून प्राचीन मान ठरवावे, अशी रीत एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. कनिंगहॅम याने रत्ती १.८३ ग्रेनची मानली. इंग्रजी अमलात १८३३ साली तोळा १८० ग्रेनचा ठरला. आठ गुंजांचा मासा व बारा माशांचा तोळा या हिशेबाने गुंज १.८७५ ग्रेन, म्हणजे सुमारे ०.१२१५ ग्रॅम होते. ३२ कृष्णलांचे रौप्य धरण या मापाने ३.८९ ग्रॅम भरावयास हवे. प्रत्यक्षात चांदीची आहत नाणी साधारणतः ३.४ ग्रॅमच्या आसपास भरतात. हा फरक दाण्यांच्या जातीवर किंवा जमिनीवर ढकलणे सोपे आहे. परंतु पाच गुंजांचा माष आणि आठ गुंजांचा मासा यांत नाव एक राहून प्रमाण बदलले, हे विसरून चालणार नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४१ च्या सुमारास तक्षशिलेच्या साठ्यांतील नाण्यांचा अभ्यास करताना वेगळी वाट धरली. नाणे हातोहात फिरताना झिजते, ही झीज सांख्यिकीच्या नियमांनी तपासता येते आणि तीवरून नाण्यांचा कालक्रम लावता येतो, हे त्यांनी दाखविले. मान शोधावयाचे ते नाण्यांच्या समूहात शोधले पाहिजे, वेलीवर नव्हे, हा त्या पद्धतीचा धडा आहे.

औषधी उपयोगांच्या वर्णनांत हाच दोष निराळ्या रूपाने येतो. ‘गुंज औषधी आहे’ किंवा ‘गुंज विषारी आहे’ ही दोन्ही विधाने अपुरी आहेत. तिचा पाला गोड असतो. विड्यात घालण्याची आणि घसा बसल्यास चघळण्याची चाल महाराष्ट्रात परिचित आहे. त्या गोडीस कारण होणारी ग्लायकोसाइडे १९८० नंतरच्या संशोधनात वेगळी करण्यात आली. मूळ ज्येष्ठमधाऐवजी वापरले गेले. उलट सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात गुंजेची गणना मूलविषांत आहे. बियांत अॅब्रिन नावाचे प्रथिन असते आणि ते पेशींतील प्रथिननिर्मिती बंद पाडते. दाणा अखंड गिळला गेल्यास कठीण कवचामुळे तो पचनाशिवाय बाहेर पडू शकतो. चावला अथवा कुटला गेल्यास प्राणघातक ठरू शकतो. बियांच्या पिठाच्या सुया करून कातड्यासाठी गुरे मारल्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकातील न्यायवैद्यकात आहेत. याच द्रव्यावर १८९१ साली पाउल एर्लिख याने प्रतिकारशक्तीविषयीचे मूलगामी प्रयोग केले.

रसशास्त्राने गुंजेस उपविषांत घालून तिचे शोधन सांगितले : दाणे पुरचुंडीत बांधून दोलायंत्रात दुधात किंवा कांजीत शिजवावेत. अॅब्रिन उष्णतेने निष्क्रिय होते, या आजच्या ज्ञानाशी ही क्रिया जुळते. तथापि या जुळणीवरून प्राचीनांस प्रथिनांचे रसायन ठाऊक होते, असे म्हणणे जितके अप्रमाण, तितकेच शोधनाचा उल्लेख गाळून केवळ ‘परंपरेने वापरतात’ असे लिहिणे बेजबाबदार होय. परंपरेने जपलेली वस्तू नुसती बी नसून ती क्रियाही आहे. क्रिया वगळली की मागे विष उरते.

पंचतंत्रात थंडीने काकडलेली माकडे गुंजांचा ढीग करून, तो विस्तव समजून फुंकत बसतात. रंगावरून उष्णतेचे अनुमान करणे आणि दाण्यांच्या एकसारख्या दिसण्यावरून समान वजनाचे अनुमान करणे, यांत जातीचा भेद नाही. तराजूत गुंजेस प्रामाण्य मिळाले ते निवड, गणना आणि शासनमान्य वजने यांमुळे. औषधात मिळाले ते अंगविशेषाच्या ज्ञानामुळे आणि शोधनामुळे. म्हणून यापुढे गुंजेच्या किंवा तत्सम वनस्पतीच्या पारंपरिक उपयोगाची नोंद करणाऱ्याने वनस्पतीचे कोणते अंग, कोणत्या क्रियेनंतर, कोणत्या ग्रंथाच्या अथवा व्यवहाराच्या आधारे, या तीन प्रश्नांची उत्तरे नोंदीतच द्यावीत. ही उत्तरे नसलेली नोंद कितीही जुन्या परंपरेचे नाव सांगत असली, तरी ती आधार म्हणून पुढे उद्धृत करू नये.