युद्धेतिहास व आधुनिक संघर्ष

युद्धे, मोहिमा, सेनासंघटना व युद्धनीती यांविषयीच्या ग्रंथांच्या आधारे वर्तमानकालीन सशस्त्र संघर्षांचे स्वरूप जाणून घेण्याचा प्रयत्न. कौटिलीय अर्थशास्त्र, सुन-त्सू या चिनी लेखकाच्या नावावर असलेला युद्धकलाविषयक ग्रंथ आणि कार्ल फोन क्लाउझेव्हिट्स (१७८०–१८३१) याचा मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेला युद्धविषयक ग्रंथ हे अशा वाचनाचे सर्वपरिचित आधार होत. सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणात या विषयाला दीर्घकाळ स्थान आहे. विसाव्या शतकातील महायुद्धांनंतर सामान्य सुशिक्षित वाचकही त्याकडे वळला. या वाचनाचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. एकात वाचक विजयाचे नियम शोधतो, तर दुसऱ्यात एखादी कृती कोणत्या परिस्थितीत यशस्वी वा निष्फळ ठरली, हे तपासतो. पहिला प्रकार अधिक लोकप्रिय असला, तरी तो दिशाभूल करणारा आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याच्या परिसरात १८१८ साली घडलेली लढाई व तिच्याविषयीचे लेखन यांवरून हा भेद स्पष्ट होतो.

पांढरकवड्याची लढाई : तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात खडकी (५ नोव्हेंबर १८१७) व येरवडा येथील लढायांनंतर दुसऱ्या बाजीरावाने पुणे सोडले. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टी येथे सेनापती बापू गोखले मारले गेले आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती लागले. त्यानंतर पेशवा नागपूरकर भोसल्यांच्या साहाय्याच्या आशेने पूर्वेकडे, चांद्याच्या रोखाने निघाला. तथापि नागपूरच्या रेसिडेंटने आप्पासाहेब भोसल्यांना मार्चमध्येच कैद केले होते. वर्धा नदीच्या बाजूस स्कॉट, उत्तरेकडून अ‍ॅडम्स व पाठीवर डव्हटन अशा इंग्रजी फौजा होत्या. १७ एप्रिल रोजी पांढरकवड्याजवळील शिवणी येथे अ‍ॅडम्सने पेशव्यांच्या सैन्यास गाठून उधळून लावले. लढाई मोठी नव्हती. परंतु तिच्यानंतर पेशव्यांची फौज झपाट्याने पांगली आणि ३ जून १८१८ रोजी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला.

इंग्रजी ग्रंथ : या मोहिमेची माहिती मुख्यत्वे तीन इंग्रजी ग्रंथांतून मिळते. व्हॅलेंटाइन ब्लॅकर हा मद्रास लष्कराचा क्वार्टरमास्टर जनरल असून त्याचा युद्धवृत्तांत १८२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सैन्याच्या मजला, तुकड्यांची रचना व नकाशे यांबाबत तो अत्यंत मोलाचा आहे. हेन्री प्रिन्सेपच्या ग्रंथात (१८२५) या युद्धाकडे गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याच्या राजनीतीचा भाग म्हणून पाहिलेले आहे. जेम्स ग्रँट डफ याच्या मराठ्यांच्या इतिहासात (१८२६) मराठी कागदपत्रांचाही उपयोग केलेला आढळतो. या तिन्ही ग्रंथांची बैठक मात्र विजेत्यांची आहे. शेवट ठाऊक असलेल्या लेखकाला प्रत्येक कूच शेवटाकडे नेणारे दिसते. त्यामुळे पाठलाग करणाऱ्या फौजांची दमछाक, चुकलेल्या वार्ता व योगायोग यांना वृत्तांतात गौण स्थान मिळते. ब्लॅकरच्या नकाशांवरून फौजा कोठून कोठे गेल्या, हे कळते. पेशव्यांच्या छावणीत त्या दिवसांत कोणती बातमी पोहोचली होती, हे कळत नाही. आधुनिक युद्धांच्या अभ्यासकाला दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा असतो.

मराठी समीक्षा : ग्रँट डफच्या ग्रंथाची साक्षेपी चिकित्सा नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकातच केली आणि मराठी साधनांच्या शोधास चालना दिली. पुढे वि. का. राजवाडे यांच्या साधनखंडांच्या प्रस्तावनांतून पराभवाच्या कारणांची चर्चा विस्ताराने झाली. मराठी राज्याच्या अस्तास शंभर वर्षे झाली, त्या १९१८ साली न. चिं. केळकर यांचा मराठे व इंग्रज हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्र्यं. शं. शेजवलकरांनी पानिपतावरील ग्रंथात पराभवाची मीमांसा सेनापतीच्या स्वभावदोषांपुरती मर्यादित ठेवली नाही, हे या परंपरेतील महत्त्वाचे पाऊल होय. दुसऱ्या बाजीरावाच्या अखेरच्या मोहिमेला मात्र अशा अभ्यासाचा लाभ क्वचितच झाला. तिचे वर्णन बहुधा ‘पळपुट्या’ पेशव्याची पळापळ म्हणूनच केले जाते. बाजीरावाचे दोष नाकारण्याचे कारण नाही. परंतु भित्रेपणा हे स्पष्टीकरण मानले, की पुढचे प्रश्नच संपतात आणि लष्करी दृष्ट्या बोधप्रद असलेली मोहीम केवळ नीतिकथा होऊन बसते.

पालखेडशी तुलना : हीच मोहीम पहिल्या बाजीरावाच्या पालखेड मोहिमेशेजारी (१७२७–२८) ठेवून वाचली असता वेगळे चित्र दिसते. त्या मोहिमेत पहिल्या बाजीरावाने निजामाशी समोरासमोरची लढाई टाळून वेगवान हालचालींनी त्यास आपल्यामागे खेचले, त्याच्या जड तोफखान्यापासून अलग केले व पालखेडजवळ पाण्यावाचून कोंडले. परिणामी ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला. ब्रिटिश सेनानी माँगमरी यांनी आपल्या युद्धेतिहासविषयक ग्रंथात (१९६८) या मोहिमेची प्रशंसा केली आहे. त्यावरून ‘वेगवान घोडदळ जड सैन्यास हरविते’ असा नियम काढला, तर पांढरकवड्यास तो टिकत नाही. १८१८ मध्येही पेशव्यांचे बळ घोडदळाच्या वेगातच होते.

फरक परिस्थितीत होता. निजामाची सेना एका मार्गाने पाठलाग करीत होती. इंग्रजांच्या अनेक तुकड्या स्वतंत्र दिशांनी येत होत्या व त्यांच्यापाशी वेगाने हलणारे घोडदळ आणि घोडतोफखाना होता. पालखेडच्या हालचालींना निश्चित राजकीय उद्दिष्ट होते. १८१८ च्या कूचाचे उद्दिष्ट नागपूरच्या घडामोडींनी आधीच नाहीसे केले होते. वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाडचा मुलूख १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांकडून जाऊन पुढे इंग्रजांचा मित्र असलेल्या निजामाकडे आला होता, त्यामुळे तेथे हक्काचा आश्रय नव्हता. शिवाय एल्‌फिन्स्टनने फेब्रुवारी १८१८ मध्ये जाहीरनामा काढून वतने व इनामे चालविण्याचे आश्वासन दिले होते. पेशव्यांचे सैन्य पांगण्यास तलवारीइतकाच हा कागदही कारण झाला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. आश्रय, वार्ता व ध्येय यांवाचून वेग म्हणजे केवळ पलायन होय [→ गनिमी युद्धतंत्र].

आधुनिक संघर्ष : नियम उचलून नेण्याची चूक आधुनिक सैन्यांनीही केली आहे. अल्जीरियातील अनुभवावर आधारलेला फ्रेंच अधिकारी दाव्हीद गाल्यूला याचा बंडप्रतिकारविषयक ग्रंथ १९६४ मध्ये निघाला. इराकमधील युद्धकाळात अमेरिकी सेनेने २००६ मध्ये तयार केलेल्या नियमपुस्तिकेवर त्याचा मोठा प्रभाव होता. इराकमध्ये त्यानंतर काही काळ हिंसाचार घटला. परंतु तेथील स्थानिक टोळ्यांनी बदललेली बाजू हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. तशाच पद्धतीचा अवलंब अफगाणिस्तानात झाला, तेव्हा तेथील परिस्थिती निराळी होती व ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेले. याउलट युक्रेनमधील युद्धात २०२२ च्या आरंभी कीव्हच्या दिशेने निघालेले रशियन सैन्य पुरवठ्याच्या अडचणींत सापडले. तेव्हा जुन्या मोहिमांच्या वाचकास रसद व मार्ग यांविषयीचा परिचित प्रश्न उपयोगी पडला. ड्रोन व उपग्रह यांमुळे हेरगिरीची साधने पालटली आहेत, तथापि मिळालेल्या वार्तेवर सेनानी विश्वास ठेवतो की नाही, हा प्रश्न अद्याप कायम आहे.

मूल्यमापन : युद्धेतिहासाचे ग्रंथ भविष्य सांगत नाहीत. त्यांचे खरे मोल विवेकाच्या शिक्षणात आहे. एकाच मोहिमेचे विजेत्याचे व पराभूताचे कागद एकत्र वाचणे, नकाशा त्या ऋतूतील भूप्रदेशाशी ताडून पाहणे आणि यशाइतकेच अपयश अभ्यासणे ही अशा वाचनाची किमान शिस्त होय. पांढरकवड्याला इतिहासग्रंथांत सामान्यतः काही ओळींचेच स्थान मिळते. तथापि यशस्वी ठरलेले तंत्र नव्वद वर्षांनी का निष्फळ झाले, हा त्या ओळींमागील प्रश्न कोणत्याही रणनीतिग्रंथातील सूत्रांहून अधिक शिकविणारा आहे. तो न विचारता वाचलेला युद्धेतिहास वाचकास आत्मविश्वास देतो, समज देत नाही; आणि युद्धाच्या बाबतीत अशा आत्मविश्वासाची किंमत सैनिकांना व प्रजेला मोजावी लागते.