ज्योतीच्या पोटातला काळोख

वारा लागणार नाही अशा जागी पेटलेली मेणबत्ती काही मिनिटे उभी राहू दिली, की तिच्या माथ्यावर वितळलेल्या मेणाची एक नितळ वाटी भरते. समईतला तेलाचा खोलगटपणा पितळेच्या कारागिराने आधीच ठोकून दिलेला असतो. मेणबत्ती मात्र आपले पात्र जळता जळता स्वतःच घडवते, आणि जळून खाली उतरताना ते पात्रही बरोबर खाली नेते. मायकेल फॅरडे यांनी १८६०च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर सहा व्याख्याने दिली, त्यांतल्या पहिल्याच व्याख्यानात ते या वाटीपाशी थांबतात. आपणही त्यांच्याबरोबर तिथेच थोडे रेंगाळू.

ही वाटी होते कशी? ज्योतीच्या उष्णतेने भोवतालची हवा हलकी होऊन वर चढते, तिची जागा घ्यायला खालून गार हवा येते, आणि ती येते मेणबत्तीच्या अंगाला बिलगून. त्या गार स्पर्शाने मेणबत्तीची कड थंड, म्हणून स्थायूच राहते. मधला भाग ज्योतीजवळ असल्याने वितळतो. जी ज्योत मेण वितळवते तीच वर चढणाऱ्या प्रवाहाच्या रूपाने त्या मेणाला बांधही घालते. सातवी-आठवीच्या पुस्तकात ‘द्रव्याच्या अवस्था’ हा एक धडा असतो आणि ‘उष्णतेचे अभिसरण’ हा दुसरा. इथे ते दोन्ही धडे बोटभर जागेत एकमेकांवाचून अपुरे होऊन उभे आहेत.

फॅरडे पुढे नक्षीच्या, पन्हळी पाडलेल्या मेणबत्त्या दाखवतात. त्या दिसायला सुरेख असतात, पण त्यांची कड सारखी नसते. चढणारा वारा तिला सगळीकडे सारखा गार करू शकत नाही, वाटी एका बाजूने फुटते आणि मेणाचे ओघळ अंगावरून वाहतात. मग त्या ओघळाचाही एक खांब होतो, तो उंच राहिल्याने त्याला हवा अधिक लागते आणि तो अधिकच गार राहतो. अपयशाकडेही इतक्या प्रेमाने पाहणारा शिक्षक विरळा. मुलांना ते सांगतात की आपल्या दृष्टीने सौंदर्य ते, जे काम उत्तम करते. आणि हे सांगताना त्यांच्या हातात ओघळलेली, बिघडलेली मेणबत्ती असते.

वाटीतले मेण ज्योतीपर्यंत चढते कसे, हा पुढचा प्रश्न. इथला प्रयोग मला या सगळ्या मालेतला सर्वांत देखणा वाटतो. एका ताटलीत मिठाचा उभा खांब रचलेला आहे. भोवती ओतले आहे मिठाचेच संपृक्त द्रावण, निळा रंग घातलेले. द्रावण आधीच संपृक्त असल्याने त्यात आणखी मीठ विरघळत नाही, म्हणून खांब ढासळत नाही. आणि आपण पाहत असताना निळाई कणाकणांच्या फटींतून वर, आणखी वर सरकत जाते. हे केशाकर्षण. वातीच्या धाग्यांतून मेण असेच चढते. पण या एका दृश्यात विद्रावक आहे, द्राव्य आहे, संपृक्तता आहे, आणि संपृक्तता म्हणजे काय हे कळल्याखेरीज खांब का टिकला हे कळणारच नाही, अशी त्याची रचना आहे. व्याख्या पाठ करून घेण्याऐवजी तिची गरज निर्माण करायची, ही फॅरडे यांची रीत.

ही रीत त्यांना कुठून लाभली असेल, याचा माग त्यांच्या बालपणात लागतो. ते लोहाराचे पुत्र. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना बांधायला आलेली पुस्तके वाचून ते विज्ञान शिकले, आणि त्यांत जेन मार्सेट यांचे रसायनशास्त्रावरचे संवादरूपी पुस्तक होते, नवशिक्यांसाठीच लिहिलेले. विद्युत-चुंबकीय प्रवर्तन १८३१ साली शोधणारा, बेंझीन १८२५ साली वेगळे काढणारा हा वैज्ञानिक वयाच्या ६९व्या वर्षी पुन्हा नवशिक्यांपुढे उभा राहिला तो मेणबत्ती घेऊन. त्याआधी १८४८ सालीही त्यांनी हाच विषय मांडला होता. म्हणजे त्यांच्यासाठी ही उजळणीच होती.

आता आपण ज्योतीत शिरू. दुसऱ्या व्याख्यानात फॅरडे काचेची एक वाकवलेली नळी घेतात आणि तिचे एक टोक ज्योतीच्या मधोमध, वातीलगतच्या त्या काळपट भागात नेतात. दुसरे टोक एका चंबूत सोडलेले आहे. थोड्या वेळाने नळीतून काहीतरी जड, धुरासारखे खाली उतरू लागते आणि चंबूच्या तळाशी साचते. तो धूर नाही. ती मेणाची वाफ आहे. गार झाली की ती पुन्हा मेण होते. मग ते नळीच्या टोकाशीच आग लावतात, आणि तिथे दुसरी ज्योत उभी राहते, मूळ ज्योतीच्या पोटातून आणलेल्या वाफेवर जगणारी. या एका नळीने दोन क्रिया वेगळ्या करून दाखवल्या: आत मेणाची वाफ होणे, हा भौतिक बदल, आणि बाहेर त्या वाफेचे जळणे, हा रासायनिक बदल. शाळेत आपण या दोहोंचे दोन रकाने आखतो, डावीकडे बर्फ वितळणे, उजवीकडे कागद जळणे. ज्योतीत मात्र ते दोन बदल एकमेकांना चिकटून राहतात, आणि त्यांच्यामधली सीमा डोळ्यांनी दिसते. ज्योतीच्या पोटातला काळोख म्हणजे जळायला अजून हवा न मिळालेले इंधन. हीच नळी जरा वर, उजळ भागात धरली तर वाफ येत नाही, काळी काजळी येते.

त्या उजळ भागावर फॅरडे प्रखर विद्युत्‌दीपाचा झोत टाकतात आणि ज्योतीची सावली पडद्यावर पाडतात. आपण सहज समजतो की जिथे ज्योत सर्वांत तेजस्वी, तिथे सावली सर्वांत फिकी असेल. उलटे घडते. सर्वांत तेजस्वी भागाचीच सावली सर्वांत गडद पडते. कारण तिथे कार्बनचे असंख्य घन कण तरंगत असतात. ते तापून लकाकतात म्हणून ज्योत उजळते, आणि ते घन असतात म्हणून प्रकाश अडवतात. काजळी आणि उजेड यांना आपण परस्परांचे वैरी समजत आलो. इथे कळते की मेणबत्तीचा उजेड म्हणजे जळण्याआधी क्षणभर तापून लकाकणारी काजळीच आहे. हायड्रोजनची ज्योत भरपूर तापते पण अगदी फिकी दिसते. तिच्यात चुन्याची कांडी धरली की ती डोळे दिपवते. सिद्धान्त तोच: उजेडासाठी तापलेला घन पदार्थ हवा.

या व्याख्यानांची टिपणे संपादून पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली विल्यम क्रुक्स यांनी, १८६१ साली. त्याच वर्षी वर्णपटदर्शकातून ज्योत न्याहाळताना त्यांना एक अनोळखी हिरवी रेषा दिसली आणि थॅलियम हे मूलद्रव्य सापडले. ज्योतीकडे लक्षपूर्वक पाहण्याचे फळ संपादकालाही मिळाले, हे मला फार आवडते.

मेणबत्ती जळाली, मग मेण गेले कुठे? बर्फ आणि मीठ भरलेले थंड भांडे ज्योतीवर धरले की तळाशी दव जमते आणि थेंब ठिबकू लागतात. पोटॅशियमचा तुकडा त्या थेंबाला लागताच जांभळट ज्योतीने पेटतो. म्हणजे ते पाणीच. अग्नीतून पाणी! फॅरडे इथे एक गोष्ट ठासून सांगतात: हे पाणी मेणबत्तीतून आले काय, नदीतून काय किंवा समुद्राच्या पाण्यातून ऊर्ध्वपातनाने मिळाले काय, पाणी म्हणून ते एकच. संयुगाची घटना त्याच्या उगमावर अवलंबून नसते, हे विधान पुस्तकात कोरडे वाटते. ज्योतीतून आलेल्या थेंबाच्या साक्षीने ते रसाळ होते. मग याच पाण्याचे बर्फ होऊन लोखंडी कुपी फुटते, याचीच वाफ होऊन ती मूळ आकारमानाच्या सुमारे १,७०० पट पसरते, आणि पाणी पाणीच राहते. पण विद्युतप्रवाह सोडला की दोन नळ्यांत दोन वायू जमतात, हायड्रोजनचे आकारमान ऑक्सिजनच्या दुप्पट, आणि वजन मात्र एकास आठ. आता पाणी उरले नाही.

आज आपल्या हातात एक साधन आहे, जे त्या काळच्या मुलांकडे नव्हते: संतुलित रासायनिक समीकरण. पॅराफिन मेण हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण. त्यातला २५ कार्बन आणि ५२ हायड्रोजन अणूंचा एक रेणू नमुन्यादाखल घेऊ. त्याला पूर्ण जळायला ऑक्सिजनचे ३८ रेणू लागतात आणि निघतात कार्बन डायऑक्साइडचे २५ व पाण्याचे २६. दोन्ही बाजूंचे अणू मोजून पाहावेत. मोजण्यातच मजा आहे. मग वस्तुमानाकडे वळू. १०० ग्रॅमची मेणबत्ती जळून संपली की सुमारे १३३ ग्रॅम पाणी तयार झालेले असते, मेणाहून जास्त, आणि शिवाय ३१२ ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. जी ‘संपली’ असे आपण म्हणतो ती हवेतला ऑक्सिजन जोडून घेऊन साडेचार पट जड झालेली असते, फक्त खोलीभर पसरून. वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम पाठ असलेल्या विद्यार्थ्यालाही हा हिशेब चकित करतो.

चौथ्या-पाचव्या व्याख्यानांत ऑक्सिजन, नायट्रोजन, हवेचे वजन असे विषय येतात आणि मेणबत्ती जरा मागे सरकते. तिथे मी भरभर वाचतो. पण कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या भांड्यात सोडलेला साबणाचा फुगा तळाला न जाता अधांतरी तरंगतो, ते दृश्य चुकवू नये. आतली हवा हलकी, खालचा वायू जड. घनतेचे याहून बोलके प्रात्यक्षिक मला माहीत नाही.

सहावे व्याख्यान श्वासाकडे वळते. चुन्याच्या निवळीत मेणबत्तीचा वायू सोडला की ती दुधाळ होते. फॅरडे तिच्यात फुंकतात, आणि तेव्हाही ती तशीच दुधाळ होते. माणूस २४ तासांत सात औंस, म्हणजे जवळजवळ २०० ग्रॅम कार्बन श्वासावाटे बाहेर टाकतो, गाय ७० औंस, घोडा ७९ औंस, असे आकडे ते मुलांपुढे ठेवतात. आणि हा वायू वनस्पती शोषून घेतात, हेही. पण त्यांचे सर्वांत सूक्ष्म निरीक्षण वेगळेच आहे. मेणबत्ती, कोळसा, कागद हे सारे हवेत असूनही वाट पाहत राहतात, ठरावीक तापमान मिळेपर्यंत पेट घेत नाहीत. शरीरातला कार्बन मात्र वाट पाहत नाही. हवा आत गेली की इतक्या कमी तापमानालाही संयोग सुरू होतो. या आश्चर्याचे उत्तर आज दहावीच्या पुस्तकात जीवशास्त्राच्या बाजूला सापडते, पेशीश्वसनाच्या धड्यात: विकरे ते काम पायरीपायरीने घडवून आणतात. तिथे छापलेले समीकरण पाहावे. ग्लुकोजचा एक रेणू, ऑक्सिजनचे सहा, आणि उजवीकडे कार्बन डायऑक्साइडचे सहा व पाण्याचे सहा. बाणाच्या उजवीकडचे दोन्ही पदार्थ तेच आहेत, जे फॅरडे यांनी निवळीत आणि थंड भांड्याच्या तळाशी पकडले होते. फक्त धडा बदलला, म्हणून मुले त्यांना ओळखत नाहीत.