सालीवरचं रेशीम

शोधनिबंध वाचावा तो माहितीसाठी. रस घेण्यासाठी वाचावा असे थोडेच. 2012 साली 'ॲडव्हान्स्ड मटेरियल्स' या नियतकालिकात आलेला एक निबंध मात्र मी पुन्हा पुन्हा काढून वाचतो. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातले हू ताओ, डेव्हिड कॅप्लन, फिओरेन्झो ओमेनेटो आणि त्यांचे सहकारी यांनी रेशमाच्या पातळ पापुद्र्यावर सोन्याची बारीक नक्षी उमटवली, तो पापुद्रा फळाच्या सालीवर चिकटवला आणि आत काय चाललं आहे ते बाहेरून टिपलं. सफरचंद, केळं, अंडं, चीज यांवर त्यांनी हे करून पाहिलं. सामग्री म्हणाल तर रेशीम, सोनं आणि चिकटवायला पाणी. बॅटरी नाही, चिप नाही, तारही नाही.

भूममध्ये बसून हे वाचताना आधी लक्ष जातं रेशमाकडे. मराठवाड्यात तुतीची लागवड आता नवलाची राहिलेली नाही. भूम ज्यात येतं त्या धाराशिव जिल्ह्यातही शेतकरी कोष काढतात आणि जालन्याला 2018 पासून कोषांची बाजारपेठ आहे. आपण कोष पाहतो तो धाग्यासाठी: लांबी किती, तुटतो किती, चकाकी कशी. या मंडळींनी धागाच विरघळवून टाकला. कोष सोड्याच्या पाण्यात उकळून त्यातला सेरिसिन हा डिंक काढायचा, उरलेलं फायब्रॉइन लिथियम ब्रोमाइडच्या द्रावणात विरघळवायचं, क्षार धुऊन काढायचे आणि राहिलेलं पाणीदार रेशीम सपाट पृष्ठावर ओतून वाळू द्यायचं. हाती येतो काचेसारखा आरपार दिसणारा पापुद्रा. तो खाल्ला तरी चालतो, कारण ते प्रथिनच. सोनंही पोटात गेलं तरी बाधत नाही. वर्ख लावलेली मिठाई खाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

चिकटवण्याची युक्तीही याच पदार्थातून निघाली आहे. पापुद्र्याची एक बाजू किंचित ओली केली की तेवढंच रेशीम मऊ होऊन सालीला धरतं. वेगळा गोंद आणावा लागत नाही. आणि पापुद्रा वाकतो का, याचं उत्तर भूमितीत आहे. पदार्थाची जाडी निम्मी केली की तो वाकवायला लागणारा जोर आठव्या हिश्शावर येतो. सोन्यासारखा धातूही पुरेसा पातळ झाला की हट्ट सोडतो. उपकरणाने फळाचा आकार घ्यायचा, फळाने उपकरणाचा नाही, हा या रचनेचा स्वभाव आहे आणि तिचं सौंदर्य मला तिथेच दिसतं.

आता तिचं ऐकणं. केळं पिकतं तेव्हा पिष्टाची साखर होते, पेशींच्या भिंती सैल पडतात, पाणी सालीतून गराकडे सरकतं. विद्युतक्षेत्राला फळ देत असलेला प्रतिसाद त्यामुळे बदलतो. सोन्याच्या नक्षीला स्वतःची एक कंप्रता असते. बाहेरून रेडिओलहरी सोडल्या की ती त्याच कंप्रतेला जोरात साद देते. हवेतल्या ओलाव्याने तंबोऱ्याची तार उतरावी, तशी खालचं फळ बदललं की ही कंप्रता ढळते. ढळली किती, ते वाचकयंत्र टिपतं. फळ जसं होतं तसंच राहतं.

या शेवटच्या गोष्टीचं मोल सीताफळवाल्याला विचारा. बागेतला गोडी मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर रसाचा थेंब मागतो, मऊपणा मोजणारा पेनेट्रोमीटर गरात टोक खुपसतो. मोजलेलं फळ विकता येत नाही आणि विकलेलं फळ मोजलेलं नसतं. बोटाने दाबून पाहणं ही तिसरी तऱ्हा, पण पिकत आलेलं सीताफळ दाबाची खूण विसरत नाही. आडतीत चार जणांनी चाचपलं की पाचव्याच्या हाती डाग येतो. तोडल्यावर ते तीन-चार दिवसांत मऊ पडतं. शीतगृहात फार थंड ठेवलं तर साल काळी पडते. वेळेचा अंदाज चुकायला इथे जागाच नाही.

2012 सालीच मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या टिमथी स्वेगर यांच्या गटाने दुसरी वाट दाखवली. पिकणारं फळ सोडतं तो इथिलीन वायू त्यांनी कार्बनच्या नॅनोनळ्या आणि तांब्याचं संयुग यांच्या मिश्रणाने पकडला. इथिलीन तांब्याला बिलगलं की नळ्यांमधला विजेचा रोध वाढतो. ही रचना चोख आहे आणि गोदामासाठी बहुधा जास्त उपयोगीही. पण ती खोलीतली हवा हुंगते, त्यामुळे कोणत्या फळाने इथिलीन सोडलं हे तिला सांगता येत नाही. रेशमी पापुद्रा एकाच फळाशी बोलतो. मला त्याची ही एकनिष्ठा आवडते, आणि त्याची अडचणही तीच आहे: प्रत्येक फळावर सोनं कोण चिकटवणार? फार तर क्रेटमागे एका फळावर.

त्याहून मोठी अडचण सालीची आहे. केळं म्हणजे जवळजवळ नळकांडं; त्याच्याभोवती कागदही सुरकुती न पडता गुंडाळता येतो. सीताफळाचा प्रत्येक खवला दोन्ही दिशांनी फुगलेला, आणि खवल्यांमध्ये खोल खाचा. केवळ वाकणारा पापुद्रा तिथे दुमडतो. तिथे ताणला जाणारा पापुद्रा हवा.

पण नेमकी इथेच ही कल्पना आपल्या बालाघाटाच्या डोंगरातल्या सीताफळांना लागू पडते. सीताफळ तोडायचं कधी, हे आपल्याकडे डोळ्यांवरून ठरतं. खवल्यांमधल्या खाचा रुंदावल्या, त्यांत पिवळसर रेघ दिसू लागली की डोळे उघडले म्हणतात. ही खूण म्हणजे दोन खवल्यांमधलं वाढलेलं अंतर, आणि अंतर तर ताणाच्या पट्टीला सहज कळतं. कार्बन मिसळलेल्या, ताणली की रोध बदलणाऱ्या पट्ट्या वांग्यासारख्या वाढत्या फळांवर बसवून वाढ मोजली गेली आहे. अशी एक पट्टी दोन खवल्यांवर आडवी बसली, तर जी गोष्ट अनुभवी माणूस झाडाखाली उभा राहून पाहतो तीच ती आकड्यात सांगेल. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र अंबाजोगाईला आहे. हे काम तिथल्या झाडांवर शोभेल.

आकडा मात्र आपणहून बोलत नाही. किती ताण म्हणजे 'आज तोडा' आणि किती म्हणजे 'दोन दिवस थांबा', हे पट्टीला कुणीतरी शिकवावं लागेल, आणि ते ज्ञान प्रयोगशाळेत नाही, बागेत आहे. भूमचा खवा बोटांत मळून पारखणाऱ्यांबाबतही हेच म्हणता येईल. चीज बिघडल्याचं टिपणारा पापुद्रा कुंथलगिरीच्या खव्यावर चालवायचा, तर आधी त्या बोटांना विचारावं लागेल. म्हणून टफ्ट्सच्या त्या निबंधाला मी यंत्राचं वर्णन म्हणून वाचत नाही. फळाला न दुखवता त्याच्याकडून उत्तर कसं घ्यावं याचा तो उत्तम पहिला खर्डा आहे, आणि त्याचा पुढचा खर्डा सीताफळावर लिहिला जावा, असं मला वाटतं.