दाण्याच्या पोटातलं पाणी

शिरूरच्या किंवा दौंडच्या बाजारात गव्हाच्या पोत्यात हात गेला की आधी रंग बघतात, मग दाण्याचा ठोकळपणा. ही पारख खोटी नाही, फक्त सालापाशी थांबते. गहू कळायचा असेल तर चिमूटभर दाणे तोंडात टाकून सावकाश चावत राहावं. पिठूळ, गोडसर चव येते, हळूहळू स्टार्च लाळेबरोबर निघून जातो आणि दातांत एक चिवट गोळा उरतो. गावाकडच्या पोरांचं हे फुकटचं चिंगम! तो गोळा म्हणजे ग्लुटेन, ग्लुटेन म्हणजे प्रथिनं आणि प्रथिनांत साधारण सहावा हिस्सा नत्राचा. डिसेंबरात फोकलेला युरिया आपण मार्चमध्ये चावत असतो.

बन्सी गहू असेल तर एक दाणा अडकित्त्यात धरून कापावा. नत्र पुरेसं मिळालेल्या दाण्याचं पोट पिवळसर, काचेसारखं नितळ दिसतं. नत्राची उपासमार झाली असेल तर त्याच काचेत पांढरे, पिठूळ डाग उमटतात. असा दाणा दळताना रवा कमी पडतो, पीठ जास्त.

आता पाणी. कमी पाण्यातल्या गव्हासाठी कृषी विद्यापीठाची जी शिफारस आहे, ती मला एखाद्या बंदिशीसारखी वाटते. एकच पाणी हाताशी असेल तर ते पेरणीनंतर ४० ते ४२ दिवसांनी द्यावं. दोन असतील तर २० ते २२ आणि ६० ते ६५ दिवसांनी. तीन असतील तर मधलं पुन्हा ४०-४२ वर. गंमत बघा: एकट्या पाण्यासाठी निवडलेला दिवस दुसरं पाणी मिळताच सोडून दिला जातो. कारण कांडी धरताना ओंबी केवढी होणार ते ठरतं, म्हणून गरिबाचं एकमेव पाणी तिथं खर्ची पडतं. दोन पाणी असली की पहिलं मुकुटमुळं आणि फुटव्यांना, दुसरं फुलोऱ्याला. भरपूर पाण्याच्या गव्हाच्या तुलनेत एका पाण्यावर सुमारे ४१ टक्के घट येते, दोन पाण्यांवर सुमारे २०. एवढ्या थोड्या शब्दांत एवढा हिशेब मी क्वचित वाचला आहे.

नत्राची शिफारस हेक्टरी १२० किलो. निम्मं पेरताना, निम्मं तीन आठवड्यांनी पहिल्या पाण्याला, म्हणजे या दुसऱ्या हप्त्यात एकरी साधारण ५२ किलो युरिया. पाणी आणि युरिया यांची गाठ इथं पडते आणि दौंडमध्ये ती सुटतेही. खडकवासल्याचा कालवा यवत, वरवंड, पाटस असा जातो, पण आवर्तन गव्हाचे दिवस मोजून सुटत नाही. युरिया कोरड्या वाफ्यावर पडून राहिला तर त्यातलं नत्र अमोनिया होऊन उडतं. मग पाट आला की वाफे तुडुंब भरले जातात आणि उरलेलं नत्र मुळांच्या खाली निघून जातं. ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो वाफसा बघून दारं धरतो. तो सुखी.

फुलोऱ्यानंतर झाड पानांतलं साठवलेलं नत्र दाण्यात उतरवतं, स्टार्च मात्र मुख्यतः तेव्हाच्या तेव्हा तयार होऊन भरत जातो. चिकात पाणी मिळालं की स्टार्च भरभरून येतो, दाणा टपोरा होतो, उतारा वाढतो; नत्र तेवढंच असलं तर प्रथिनांचं प्रमाण उतरतं. उलट पाबळ, कान्हूर मेसाईकडच्या कोरड्या रानात, किंवा कांदा-ऊस निघाल्यावर उशिरा पेरलेल्या गव्हात, मार्चच्या उन्हानं स्टार्च अर्ध्यावर थांबतो. दाणा बारीक, सुरकुतलेला, प्रथिनांची टक्केवारी मात्र चढी. म्हणून नुसत्या टक्केवारीला भुलू नये. सुरकुतलेल्या दाण्यानं शेतकऱ्याची कणगी भरत नाही. आणि टपोरेपणाच्या हावेनं उशिरापर्यंत युरिया आणि पाणी ओतत राहिलं तर एका वाऱ्यात गहू लोळतो. तेवढ्यावर सगळं रसग्रहण संपतं.

मुळातच कोरडवाहू राहून भरणारा दाणा वेगळा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या ‘एमएसीएस ४०२८’ या कोरडवाहू बन्सी वाणात सुमारे १४.७ टक्के प्रथिनं आहेत. शेवया आणि रव्याला मी असाच गहू मागेन. पोळीला वेळेवर पेरलेला, तीन-चार पाण्यांचा, युरिया ओलीवर पडलेला. आणि पाण्यात डुंबलेला, नत्राला मुकलेला तो गुबगुबीत देखणा गहू खुशाल कुरडयांना घ्यावा. कुरडईला चीकच तर हवा असतो.