वासवी शक्ती आणि रोखलेले पान

परभणी जिल्ह्यात श्रीधरकवीच्या ‘पांडवप्रतापा’ची पोथी ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला अस्त्राला प्रत्यस्त्र असते हे शिकवावे लागत नाही. आग्नेयास्त्रावर वारुणास्त्र, नागास्त्रावर गरुडास्त्र. या जोड्या आपण अद्भुतरसाच्या खाती टाकून मोकळे होतो. माझे म्हणणे असे, की महाभारतातल्या या युद्धवर्णनांचा कणा अद्भुत नव्हे, नियम आहे. आणि तो वाचायला आजच्या मुलांचे पत्त्यांचे खेळ मदत करतात.

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत 120 पाने असतात. दहा अवतारांची प्रत्येकी बारा. प्रत्येक पानाची पायरी ठरलेली आणि वरचढ पान हात जिंकते. रिचर्ड गारफील्ड या अमेरिकी गणितज्ञाच्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या 1993 सालच्या खेळात मात्र पान किती मोठे यापेक्षा ते कधी टाकता येते याला मोल आहे. ‘लँड’ या पानांतून मंत्र टाकण्याचे बळ मिळते. ‘क्रीचर’ म्हणजे मैदानात उतरणारे योद्धे. ‘सॉर्सरी’ फक्त स्वतःच्या पाळीत टाकायची. ‘इन्स्टंट’ प्रतिस्पर्ध्याच्या पाळीतही चालते. ‘काउंटरस्पेल’ हे पान इन्स्टंट आहे. समोरच्याने टाकलेला मंत्र फळण्याआधी ते रोखते, आणि त्या मंत्रावर खर्चलेले बळ वाया जाते. पण मंत्र फळून योद्धा मैदानात उभा राहिला, की हे पान निरुपयोगी. लँडला ते लागूच पडत नाही, कारण लँड हा मंत्र नव्हे. रोखणाऱ्यालाही रोखता येते. 1999 पासूनच्या नियमांत ही उत्तरे उतरंडीसारखी रचली जातात आणि सर्वांत वरचे आधी सुटते.

हे ध्यानात ठेवून द्रोणपर्व उघडावे. कवचकुंडलांच्या बदल्यात इंद्राकडून मिळालेली वासवी शक्ती कर्णाला एकदाच वापरता येणार होती, आणि ती त्याने अर्जुनासाठी राखली होती. रात्रीच्या युद्धात कृष्णाने घटोत्कचाला कर्णावर सोडले. कौरवसेनेची दाणादाण उडाली आणि कर्णाला शक्ती टाकावी लागली. पांडव शोकात बुडाले, कृष्ण मात्र आनंदाने नाचला. इथे ‘देवाची लीला’ म्हणून पुढे जायची आपल्याला सवय आहे. मॅजिक खेळणारा पोरगा मात्र ही चाल लगेच ओळखेल: समोरच्याच्या हाती हुकमी उत्तर असेल, तर दुर्लक्ष करता येणार नाही असे दुसरे काही आधी पुढे करायचे आणि ते उत्तर खर्ची पाडायचे. फरक एवढाच, की खेळात आमिष म्हणून पान जाते आणि इथे भीमाचे पोर गेले. कृष्णाचे नाचणे आपल्याला खुपते ते त्यामुळेच.

द्रोणवधानंतर अश्वत्थाम्याने सोडलेल्या नारायणास्त्राला प्रत्यस्त्र नाही. लढणाऱ्यावर ते अधिक चवताळून येते. उपाय एकच, शस्त्र टाकून रथाखाली उतरणे. भीम ऐकेना, तेव्हा कृष्णार्जुनांना त्याला ओढून उतरवावे लागले. दुर्योधनाने ते पुन्हा सोडायला सांगितले, तर अश्वत्थामा म्हणाला, ते सोडणाऱ्यावरच उलटेल. ‘रोखता येत नाही’ असे छापलेली पाने मॅजिकमध्येही आहेत. पण व्यासांनी घातलेली अट निराळी आहे: इथे शौर्यच घातक ठरते.

सौप्तिकपर्वात खेळाची उपमा संपते. अश्वत्थाम्याच्या ब्रह्मशिर अस्त्रावर अर्जुनाने तेच अस्त्र सोडले. व्यास आणि नारद मध्ये उभे राहिले. अर्जुनाने आपले अस्त्र मागे घेतले. अश्वत्थाम्याला ते जमेना, आणि त्याने ते पांडवस्त्रियांच्या गर्भांवर वळवले. मॅजिकमध्ये रोखलेले पान टाकलेल्या पानांच्या ढिगात जाते आणि पुढच्या डावाला पुन्हा पिसले जाते. महाभारतात सुटलेल्या अस्त्राला कुठेतरी पडावेच लागते.

म्हणून या खेळांना पोरकट आणि आपल्या अस्त्रकथांना केवळ चमत्कार ठरवणारी समीक्षा मला दोन्हीकडे अपुरी वाटते. प्रत्येक अस्त्राला तीन प्रश्न विचारावेत: ते कोणी सोडायचे, कधी सोडायचे आणि मागे घेता येते का? पहिल्या दोहोंची उत्तरे खेळाच्या नियमांशी जुळतात. तिसऱ्याचे उत्तर शोधताना मात्र आपण उत्तरेच्या गर्भापाशी येऊन थांबतो.